चौदा नंबरच्या टाकीतल्या वाकड्या पाठी

चौदा नंबरच्या टाकीवर मी स्वतःच्या हाताने पाटी लावली. ‘नवीन व्हरायटी. हात लावू नये.’ त्यातला दुसरा भाग बरोबर होता.

दोन हजार चार-पाचचा सुमार. पेणकरपाड्यात तात्यांची शोभेच्या माशांची शेड होती आणि मी तिथे ब्रीडिंग इनचार्ज. तात्या इथलेच. आजोबांचं मिठागर, वडिलांची भातशेती, आणि तात्यांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर पत्र्याखाली चाळीस टाक्या. मी कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकलेला, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. या ‘मास्तर’नेच घात केला असं मला अजून वाटतं.

आमचा चालता माल म्हणजे बलून मोली. हिचे मणके दाबून बसवल्यासारखे असतात. पाठ आखूड आणि पोट गोल, पोहते ती डुलत डुलत. हा आकार जीनमुळे येतो. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात ना, तसं आहे. एक चावी आईकडून, एक बापाकडून. दोन्ही मिळाल्या तरच पिल्लू बलून. एकच मिळाली तर पिल्लू दिसायला सरळ, पण चावी पोटात घेऊन फिरतं आणि पुढच्या पिढीला देतं.

चौदामध्ये साध्या, सरळ पाठीच्या मोल्या होत्या. दोन पिढ्या मी त्यांच्या भावाबहिणींच्याच जोड्या लावत होतो. तसं केलं की लपलेल्या चाव्या एकत्र येतात. एका सकाळी पाच मोल्या एस अक्षरासारख्या वाकलेल्या दिसल्या.

“तात्या, नवीन आकार आलाय.”

“आजारी न्हाय ना?”

“आजार कसला? पिढीजात आहे. रक्तातून आलंय.”

“मंग जप त्यांना, मास्तर.”

मी इतकं जपलं की त्यातल्या दोन घरी घेऊन गेलो. बेव्हर्ली पार्कच्या आमच्या फ्लॅटमध्ये, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. मुलगी गार्गी तेव्हा आठ वर्षांची. तिने त्यांची नावं ठेवली वाकडोबा आणि वाकडाबाई. बरणीत बोट घालून त्यांना गोंजारायची. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो.

तीनेक आठवड्यांनी वही चाळत होतो. पैदाशीच्या प्रत्येक मादीचं मी चित्र काढून ठेवायचो, खूण पटावी म्हणून. एका मादीच्या डाव्या गालावर दोन काळे ठिपके होते. वहीत ती सरळ होती. टाकीत पाहिलं तर तेच दोन ठिपके, पण पाठ वाकलेली. पोट खपाटीला गेलेलं.

वर्षभर सरळ पोहलेली मादी महिन्याभरात वाकते, हे जीनचं काम नव्हे. हा माशांचा टीबी. माणसाच्या टीबीच्या जंतूचा हा चुलतभाऊ. पाण्यात राहतो, माशाला सुकवतो, वाकवतो. आणि टाकीत हात घालणाऱ्याच्या कातडीला चीर असेल तर तिथून आत शिरतो. सहसा कातडीतच राहतो, औषधाने जातो. पण तेवढं वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. डोळ्यांसमोर फक्त बरणीतलं बोट होतं.

भरदुपारी घरी पोचलो. बायकोने दार उघडलं.

“गार्गीचा हात बघू.”

“काय झालं?”

उजव्या तर्जनीच्या पेरावर तांदळाच्या दाण्याएवढी गाठ होती.

“हे कधीपासून?”

“काय माहीत,” गार्गी म्हणाली. “पण बाबा, तुमच्या अंगठ्याला पण आहे.”

“ते जाळीची तार लागलीये. तू गप्प उभी राहा.”

इतक्या जोरात मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो.

स्किनच्या डॉक्टरबाईंनी गाठ पाहिली. “चामखीळ वाटतेय. पण तुम्ही माशांचं सांगताय, तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. हा जंतू फार सावकाश वाढतो. रिपोर्टला सहा ते आठ आठवडे.”

ते आठवडे मी कसे काढले ते सांगू नये इतकं हास्यास्पद आहे. रोज सकाळी शाळेआधी तिचं बोट खिडकीशी नेऊन भिंगाने बघायचो. पट्टीने मोजायचो. गाठ कालच्यापेक्षा मोठी आहे असं रोज वाटायचं. पुढेपुढे ती मला पाहिलं की हात फ्रॉकच्या खिशात घालायला लागली. बायको इतक्या मोठ्या मुलीला पुन्हा भरवायला लागली होती.

इकडे तात्यांना सांगणं भाग होतं.

“तात्या, चौदा बंद करायची. शेजारच्या दोन पण.”

“तूच बोल्लास ना, रक्तातून आलंय?”

“चुकलो. रोग आहे, हातालाही लागतो.”

तात्यांनी स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. “माजे पन हात रोज पान्यातच असतात, मास्तर.”

दोन मासे लॅबला पाठवले. जंतू सापडला. तिन्ही टाक्यांतले मासे मारून चुन्यात पुरले, टाक्या ब्लीचने धुतल्या. घरची बरणीही त्यात गेली. पाटी तात्यांनी स्वतः फाडली. ‘हात लावू नये’ एवढा तुकडा ठेवला.

सातव्या आठवड्यात आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो.

“साधी चामखीळ आहे,” त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी पुन्हा बसल्यासारखं झालं. रिपोर्ट घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कागदाऐवजी माझा हातच धरला.

“हा अंगठा कधीपासून असा आहे?”

नखाच्या बाजूला जांभळट गाठ. वर मनगटाशी दुसरी.

“तार लागली होती. हळद लावतोय.”

“किती दिवस?”

“तीनेक महिने.”

“आणि हा हात टाकीत जातो?”

“रोज.”

गार्गी खिशातून हात न काढता म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पाच महिने गोळ्या खाल्ल्या. त्यात एक अशी होती की लघवी नारिंगी व्हायची. मी रोज सकाळी दचकायचो. तात्यांचे हात तपासून घेतले, स्वच्छ निघाले. तेव्हापासून शेडमध्ये सगळ्यांना कोपरापर्यंत रबरी हातमोजे. शिकलो ते एवढंच, की मासा वाकडा दिसला तर आधी पाणी बघायचं, माशाचं घराणं नंतर.

शेवटची गोळी घेतली त्या दिवशी जेवताना मी बायकोला हे लॉकरचं, चाव्यांचं पुन्हा एकदा समजावून सांगत होतो. कुठे चुकलो, का चुकलो. ती माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, “‘माझं चुकलं’ म्हणायलाही दोन चाव्या लागतात वाटतं. एक तात्यांकडे लावलीत. गार्गीला कधी म्हणताय?”