स्वतःच्या घरातलं वाक्य

मुरूम गावात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी दहावीचा इंग्रजीचा क्लास घेते. दरवर्षी दिवाळीनंतर फ्रेजल व्हर्ब येतात, आणि त्यांतली निम्मी भांडणाचीच असतात. स्टँड अप टू म्हणजे एखाद्यासमोर ठाम उभं राहणं. बॅक डाऊन म्हणजे माघार घेणं. गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं. मुलं अर्थ घडाघडा पाठ करतात आणि वाक्यं गाइडमधली उतरवतात. सगळ्यांच्या वहीत तेच सैनिक, तोच किल्ला, तोच शत्रू. पंधरा वर्षं तोच किल्ला तपासून मला त्या सैनिकांचाच राग यायला लागला होता.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी फर्मान काढलं, वाक्य स्वतःच्या घरातलं हवं. गाइडचं दिसलं तर वही फाडीन. वही मी कधीच फाडत नाही हे पोरांना ठाऊक आहे, पण माझा आवाज मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी वाक्यं आली. एकाचा बैल नमतं घेत नव्हता, एकीची आजी दवाखान्यात जाण्यावरून नमतं घेत नव्हती. मागच्या रांगेत एक मुलगी बसायची, जवळच्या खेड्यातून एसटीने येणारी, सहसा तोंड न उघडणारी. तिने लिहिलं होतं, माझी आई पाण्याच्या पाळीसाठी काकांसमोर ठाम उभी राहिली, तिने माघार घेतली नाही. दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात आणि एकही चूक नाही. मला इतका आनंद झाला की मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, वर मराठीतही सांगितलं.

पुढच्या रांगेत तिची चुलत बहीण बसली होती, त्याच काकांची मुलगी. हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ती उभी राहिली.

“मॅडम, हे खोटं हाय. काकू कायबी बोलल्या न्हायत.”

वर्ग हसला. मुलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. नंतर चार दिवस ती आली नाही.

चूक माझी होती. घरातलं लिहा म्हणायचं आणि मग घरची अब्रू वेशीवर टांगायची, ही कुठली शिकवण? रविवारी स्कूटी काढली आणि तिच्या गावी गेले.

घर शेतातच होतं. वडील पुण्याला कंपनीत, शेती सगळी आईच्या अंगावर. विहीर दोन भावांत एक. चार दिवस पाणी यांचं, चार दिवस थोरल्यांचं. थोरल्यांनी आधी यांचा एक दिवस घेतला, मग दोन, आणि या खेपेला चारही. ज्वारी पोटऱ्यात आली होती. आता पाणी मिळालं नसतं तर कणसं भरली नसती. मुलीने मला पाहिलं आणि ती आत निघून गेली.

मी तिच्या आईची माफी मागितली. त्यांना क्लासमधलं काही ठाऊकच नव्हतं. पोटात दुखतंय म्हणून पोर घरी राहिली होती.

“काय ल्हिलतं तिनं?”

मी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

“खोटं हाय, मॅडम. भावजी म्हणले पाळी आमची, म्या व्हय म्हणले. पोर तितंच हुती.” त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. “लेकरू चारचौघांत खोटं पडलं की वो.”

त्यांनी पदर खोचला आणि विहिरीकडे निघाल्या. मुलगी आतून धावत आली. मीही मागोमाग गेले, पण भीत भीतच. मी स्वतः आयुष्यात कधी कुणासमोर अशी उभी राहिलेली नाही. पोरांवर ओरडणं त्यात धरत नाहीत.

थोरले पाइपच्या कॉकपाशी बसले होते. मोटार चालू होती, पाणी त्यांच्या उसाला चाललं होतं.

“भावजी, आजपासून चार दिस पाणी माजं हाय.”

ते हसले, मग चिडले, मग भावाला फोन लावतो म्हणाले.

“लावा.”

त्या जागच्या हलल्या नाहीत. थोरल्यांची नजर माझ्यावर पडली. “कुणी शिकिवलं गं तुला ह्ये? ह्या मॅडमनं?”

मी जमिनीकडे बघत होते.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “माज्या लेकीनं.”

आणि वाकून त्यांनी कॉक फिरवला.

सोमवारी मुलगी क्लासला आली नाही, आईबरोबर ज्वारीला पाणी देत होती. मंगळवारी आली. चुलत बहिणीला सरक म्हणाली आणि पुढच्या रांगेत तिच्या शेजारी बसली.