बिस्किटी रंगाचं स्मारक

आमच्या गावच्या चित्रकाराच्या घराचं स्मारक होतंय. दारावरच्या पाटीसाठी त्यांची माहिती लिहून द्या, असं समितीने सांगितलं, म्हणून काल तिथे गेलो. दारातच ओल्या डिस्टेंपरचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. सगळं घर बिस्किटी रंगाने रंगवून काढलेलं!

ज्या माणसाने जांभळ्या म्हशी रंगवल्या, स्वतःच्या बायकोचा चेहरा हिरवा रंगवला, त्यापायी ड्रॉइंग मास्तरची नोकरी घालवली आणि जन्मभर वेडा म्हणवून घेतलं, त्याचं घर बिस्किटी? खिडकीशेजारच्या भिंतीला ते ब्रश पुसायचे. उभं आयुष्य पुसत आले. पाटीवर काय लिहायचं ते मी त्या भिंतीकडे बघूनच ठरवणार होतो.

“अहो, ती भिंत?” मी समितीच्या अध्यक्षांना विचारलं.

“फार घाण झाली होती हो,” ते कौतुकाने म्हणाले. “आता कसं स्वच्छ वाटतंय!”

चित्रकार हयात असताना लोकांनी नाकं मुरडली, ते परवडलं. निदान त्या लोकांना रंग दिसत तरी होते. या समितीला हार घालायचाय, पण आधी माणूस पुसून घेऊन.

मी चपला पायात सरकवल्या, तेवढ्यात आतून शिडीवरचा रंगारी वैतागून ओरडला, “साहेब, तीन हात मारले, पण हा लाल काही दबत नाही! रोज सकाळी परत वर येतो. काय फासलं होतं म्हाताऱ्याने, कुणास ठाऊक!”

मी चपला काढल्या आणि त्या भिंतीपुढे जाऊन उभा राहिलो.