भांगाचे दिवस

माघातल्या सकाळी डोंबिवलीजवळच्या कोपरला आमच्या गॅलरीत दोन वास एकदमच येतात. एक शेजारच्या सोसायटीतल्या आंब्याच्या मोहोराचा, आणि दुसरा ओहोटी लागलेल्या खाडीचा, चिखलाचा, जरासा खारट, नव्या माणसाला नाक मुरडायला लावणारा. साताऱ्याकडून नवी नवरी होऊन डोंबिवलीत आले तेव्हा मीही नाक मुरडलंच होतं. आता मात्र तो वास आला नाही तर उजाडलंय यावर माझा विश्वास बसत नाही. या दोन वासांच्या मधोमध चहाचा कप घेऊन बसायचं, कोवळ्या उन्हाची तिरीप पायांवर घ्यायची आणि ज्या किनाऱ्याला आपले पाय कधी लागले नाहीत तिथलं पुढच्या काही आठवड्यांचं हवामान मोबाइलवर पाहायचं, असा या वर्षी माझा नेम होऊन गेला होता.

घरातून निघताना छत्री घ्यावी की नाही एवढाही विचार जिने कधी केला नाही, ती मी लाटांची उंची पाहत होते. पडद्यावर निळे-हिरवे पट्टे सरकत, वाऱ्याचे इवलेसे बाण दिशा बदलत, आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे दुपारी उलटून खारे वारे कसे होतात हे, शाळेत पाठ करून विसरलेलं, मला पुन्हा समजू लागलं होतं. आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "काय म्हणतोय तुमचा समुद्र?" जणू काही समुद्र मी भिशीत लावला होता.

समुद्र माझा नव्हताच, सायलीचा होता. आमची एकुलती एक लेक ठाण्यात माजिवड्याच्या एका ऑफिसात काचेच्या भिंतीआड बसून दिवसभर कसलेसे तक्ते जुळवायची. मागच्या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर ती सिंधुदुर्गातल्या एका लहानशा किनाऱ्यावर गेली, तिथे लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकली, आणि शिकवणाऱ्याचं नाव घेताना तिचा आवाज बदलू लागला. मुलगा मासेमारी करणाऱ्या घरातला, मंदार नावाचा. आता तिला नोकरी सोडून तिथेच राहायचं होतं, त्याच्याशी लग्न करायचं होतं आणि दोघांनी मिळून लोकांना लाटांवर उभं करायचं होतं. ह्यांनी दोन दिवस विचार करून होकार देऊन टाकला. उरले मी.

मी नाही म्हटलं नव्हतं, पण होही म्हणवत नव्हतं. मी देशावरची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, दोराने वर येणारं आणि घागरीत गुमान बसणारं. त्याला हद्द असते. समुद्र पाहिला की माझ्या तोंडचं पाणी पळतं, आणि त्याच समुद्राच्या भरवशावर लेकीचा संसार उभा राहणार, हे माझ्या काही गळी उतरत नव्हतं. सायली एवढंच म्हणाली होती, "तू एकदा ये आई. त्याला बघ, समुद्र बघ, मग काय ते सांग. तू मनापासून हो म्हटल्याशिवाय मी तारीख धरणार नाही." पोरगी हट्टाला पेटली असती तर बरं झालं असतं. तिने सगळं माझ्यावर सोपवलं आणि माझी झोप उडाली.

अशा दिवसांत एका संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले, तर पलीकडच्या खोलीच्या खिडकीतून सायलीचा फोनवरचा आवाज आला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं; पण हातात एकावर एक सहा चादरी असताना कान कुठे ठेवायचे हे कोणी सांगत नाही.

"अरे, टेन्शन नको घेऊ," ती म्हणत होती, "आपण आईला भांगातच आणूया. भांगात ती घाबरणारच नाही. बघ तू, आपसूक हो म्हणेल."

माझ्या हातातली चादर खाली कोणाच्या तरी तुळशीवर जाऊन पडली.

आता हे सांगायला हवं की मी डोंबिवलीतल्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवत होते. सामान्यरूपं चुकलेली मला खपत नाहीत. त्यामुळे त्या भयंकर क्षणीही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, भांगात काय म्हणतेस गं, भांगेत म्हण. जीभ, जिभेत, वाट, वाटेत, भांग, भांगेत! मराठीच्या बाईंची मुलगी आणि विभक्तीचे असे हाल! आणि मग, व्याकरणाची चूक मनातल्या मनात लाल शाईने दुरुस्त करून झाल्यावर, अर्थ कळला. म्हणजे हा मुलगा भांग घेतो. आणि मलाही पाजणार. आणि मी हसत हसत मुलगी देऊन मोकळी होणार.

सायलीला विचारायची सोय नव्हती, कारण मग चोरून ऐकल्याचं कबूल करावं लागलं असतं. विठ्ठलवाडीच्या बहिणीला फोन केला, तर तिने धीर देण्याऐवजी, निघताना पर्समध्ये चिंच ठेव, आंबटाने उतरते, असा तोडगा सांगितला. ह्यांना सांगितलं, तर हे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "होळीला अजून अवकाश आहे," म्हणाले. "मुलाच्या आईशीच बोल ना सरळ. बायका बायकांत निघेल विषय." बोलणं सोपं असतं. पण रात्रभर कूस बदलून झाल्यावर मलाही दुसरा मार्ग दिसेना.

मंदारच्या आईशी मी एकदाच, तेही सणाच्या शुभेच्छांपुरतं बोलले होते. सकाळी देवपूजा आटोपून फोन लावला. आधी थंडीची चौकशी केली, मग मोहोराची, मग वाऱ्याची, आणि सगळं हवामान संपल्यावर घसा खाकरून विचारलं, "तुमच्याकडे, म्हणजे, भांग वगैरे असते का हो?"

"असता म्हणजे?" पलीकडून प्रसन्न, खणखणीत आवाज आला. "दर पंधरा दिवसांनी येता!"

मी खुर्ची ओढून बसले. "सगळ्यांच्या घरी?"

"घराक कित्याक? आख्ख्या किनाऱ्याक येता."

"आणि मंदारला?"

"तेका तर भांगच बरो. शिकवूक सोप्पो जाता. बारकी पोरां, वयस्कर माणसां, सगळ्यांका तो भांगातच बोलवता."

लहान मुलांनासुद्धा! तरी चिकाटीने विचारलं, "आणि मंदारचे बाबा?"

"ह्यांका भांगात काय काम नाय. होडी वर ओढतत नि दिवसभर झोपतत. जाळ्यात मासोच गावणा नाय, तर जातले खय?"

मासा. जाळं. होडी. माझ्या डोक्यात कुठेतरी, गावच्या शाळेच्या काळ्या फळ्यावर, खडूची एक आकृती हळूहळू उमटू लागली: मध्ये पृथ्वी, एका बाजूला सूर्य, काटकोनात चंद्र, अष्टमीचा, अर्धा. दोघांच्या ओढी एकमेकींना छेद देतात आणि समुद्र फार चढत नाही, फार उतरतही नाही. उधाणाच्या उलट. भांगाची भरती. नववीत असताना ही आकृती मी स्वतः फळ्यावर काढून दाखवली होती, आणि गुरुजींनी शाबासकी दिली होती. भांग, पुल्लिंगी. भांगात. पोरीचं सामान्यरूप अगदी बरोबर होतं.

मग मला हसू आवरेना. मी हसतेय हे ऐकून त्या आधी गोंधळल्या, आणि मी सगळं खरं खरं सांगितल्यावर, "अगो बाय माझे!" असं म्हणून अशा हसल्या की दारातली कोंबडी ओरडत पळालेली मला इथे ऐकू आली. दोन अनोळखी बायका, एक खाडीकाठी आणि एक समुद्राकाठी, फोन कानाला लावून डोळे पुसत राहिल्या. भीड अशी एकदा मोडली की सोयरीक निम्मी झालेलीच असते.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा तो पट्ट्यांचा पडदा उघडला. येत्या आठवड्यांतले गडद निळे, उंच लाटांचे दिवस मला ओळखू येत होते. त्याच दिवसांकडे पाहून सायलीचे डोळे चमकायचे, आणि मधल्या फिकट, सपाट दिवसांना ती "यात काय मजा" म्हणून बोटाने पुढे ढकलून द्यायची. त्याच फिकट, म्हणजे भांगाच्या, दिवसांतली अष्टमी तिने माझ्यासाठी निवडून ठेवली होती. उंच लाटेची वाट पाहणारी माझी मुलगी आईसाठी सगळ्यात लहान लाट शोधत बसली होती, आणि मी पर्समध्ये चिंच भरायला निघाले होते. मी तिला काहीच सांगितलं नाही, फक्त अष्टमीला तिथे पोचू अशी तिघांची तिकिटं काढा असं ह्यांना सांगितलं.

अष्टमीच्या सकाळी आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. सुरूच्या बनातून गार मतलई वारा पाठीवर येत होता, सूर्य अजून मागच्या डोंगराआडच होता, आणि समुद्र मोतिया रंगाचा, निवांत, झोपेत कूस बदलावी तसा किनाऱ्याशी हलत होता. मंदार उन्हाने रापलेला, अबोल मुलगा. नमस्कार करून त्याने एक लांबरुंद फळी वाळूवर ठेवली आणि म्हणाला, "काकू, पाण्याशी भांडायचं नाही. तुम्ही नुसत्या पालथ्या पडा, बाकीचं लाट बघेल."

जीव मुठीत धरून, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून मी पाण्यात शिरले. सायलीने एका बाजूने फळी धरली. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. मंदार सारखा माझ्या आणि खोल समुद्राच्या मधोमध उभा राहत होता. मी डावीकडे सरकले की तोही सरके, लाट आली की आधी त्याच्या पाठीवर फुटे आणि मग माझ्यापर्यंत येई, आणि हे तो दाखवण्यासाठी करत नव्हता, कारण त्याचं तोंड सगळा वेळ समुद्राकडेच होतं. मुलाची पारख कशी करावी हा प्रश्न मी डोंबिवलीहून वाहून आणला होता. तो तिथेच कुठेतरी पाण्यात सुटून गेला.

मग मंदार म्हणाला, "आता," आणि एक बुटकी, समजूतदार लाट फळीखाली शिरली. मला कोणीतरी तळहातावर घेतलं आणि थेट वाळूपर्यंत सोडायला आलं. मी किंचाळत होते असं सगळे म्हणतात. माझ्या मते मी हसत होते. काठावर ह्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि विहीणबाई, होय, तोवर मनातल्या मनात मी त्यांना विहीणबाईच म्हणू लागले होते, टॉवेल घेऊन धावत आल्या. मी आणखी दोनदा गेले. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले.

नंतर उन्हात वाळूवर बसले असताना सायली माझ्या मागे येऊन बसली आणि माझे ओले, खाऱ्या पाण्याने राठ झालेले केस विंचरू लागली. ती शाळेत असताना रोज सकाळी घाईघाईने मी तिच्या दोन वेण्या घालायचे. ती चुळबूळ करायची आणि मी करवादायचे. आता तिचे गार हात माझ्या डोक्यावरून फिरत होते. समोर ओहोटीचं पाणी फार लांब न जाता थोडंसं मागे सरून थांबलं होतं, भांगातला समुद्र थांबतो तसं. मला वाटलं, ओढ तर दोन्हीकडून असतेच, लेकीची एकीकडे आणि आपली दुसरीकडे; मधलं पाणी स्थिर राहिलं म्हणजे ओढ संपली असं कुठे असतं.

"आई, हलू नकोस," सायली म्हणाली. "भांग वाकडा जातोय."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी मान ताठ केली.

"लग्नाची तारीख मात्र भांगातली धरू नका," मी समोर बघतच म्हटलं. "उधाणातली बघा. समुद्राला यायचं असेल तर चांगला मांडवापर्यंत येऊ दे."

कंगवा थांबला. मग तिने कंगव्याचं टोक पुन्हा माझ्या कपाळाशी टेकवलं.

"हलू नकोस म्हटलं ना," ती म्हणाली. पण मी हललेच नव्हते, भांग तिच्याच हातून वाकडा जात होता.