वहीत न लिहिलेला जिल्हा

जयपुरात शेजारच्या भाभींकडे काही वर्षांनी वंशावळ वाचणारे एक म्हातारे बाबा येतात. वही उघडण्याआधी तिला कपाळ टेकवतात. यंदा मी धीर करून त्यांना म्हटलं, "माझ्या आजोबांचं गाव परभणी जिल्ह्यातलं. पण त्या जिल्ह्याच्या गावांच्या यादीत ते सापडतच नाही. आमचं कुणी उरलंय का, कसं कळणार?"

बाबा हसले. "बेटी, हमारी बही में जिला लिखते ही नहीं. वो तो सरकार बदलती रहती है. नदी बताओ."

"कयाधू," मी म्हटलं. वडील तिच्यात पोहण्याच्या गोष्टी सांगायचे.

माझ्या मुलीने मोबाइलवर नदीकाठची गावं पाहिली. परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आमचं गाव निघालं. काल सरपंचांना फोन करून आजोबांचं नाव सांगितलं.

"नात का त्यांची? अहो, तुमचे चुलते हितंच बसलेत. बोला!"