दाराच्या फटीतून सांगितलेलं नाव

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या जुन्या वळणाच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळीला ठाऊक आहे. पण त्या जिभेनं माझ्या धाकट्या भावाचं, एनोसचं, वाटोळं केलं की कल्याण, ते मला अजून उमगलेलं नाही.

एनोस घोड्यांचे साज शिवतो. हात सोन्याचे, पण पक्का मुखदुर्बळ. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. लग्नाचा होकारसुद्धा त्यानं मान हलवून दिला. त्याची बायको सलोमी त्यावरून अजून त्याला चिडवते.

ऑक्टोबरात मंडळीला नवा उपदेशक निवडायचा होता. आमच्यात शिकून कुणी उपदेशक होत नाही. एकेकानं उठायचं, दाराच्या फटीपाशी जाऊन आत बसलेल्या बिशपना हळूच एक नाव सांगायचं. ज्याचं नाव तिघांनी घेतलं, तो सोडतीत. मग एकात चिठ्ठी घालून तितकी गीतपुस्तकं टेबलावर मांडतात, आणि प्रत्येकानं एक उचलायचं. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल, तो मरेपर्यंत उपदेशक. नको म्हणायची सोय नाही.

मी लेवीचं नाव घेणार होते. लेवी बोलायला लागला की ऐकत राहावं. पण त्याच सकाळी अंगणात सगळ्यांदेखत तो मला म्हणाला, "मालिंडा, घोडा कशाला पोसतेस? बग्गीला जीभच जुंप की, वाऱ्यासारखी पळेल!" सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दारापाशी पोचले तरी डोकं तापलेलंच होतं. लेवीचं नाव घेणार नाही म्हणजे नाही! मग कुणाचं? आतून बिशप म्हणाले, "बोल बाई, मागे लोक थांबलेत." समोरच्या बाकावर एनोस बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तोंडातून निघून गेलं, "एनोस." परत येताना त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. खाली मान घालून जागेवर बसले.

पाच पुस्तकं मांडली. चिठ्ठी एनोसच्या पुस्तकात निघाली.

अशा वेळी आमच्यात कुणी अभिनंदन करत नाही, गळ्यात पडून रडतात. सलोमी रडली, मीही रडले, पण माझं रडणं निराळं होतं. चिठ्ठी देवानं काढली, कबूल. पण याला त्या रांगेत उभं कुणी केलं? बाकीच्यांनी देवाला विचारून नाव घेतलं असेल. मी घेतलं लेवीवरच्या रागानं! मग ही हाक देवाची की माझ्या डोक्यातल्या जाळाची? विचार करावा तितका गुंता वाढत गेला.

पुढचे दोन महिने एनोस कातडं शिवता शिवता वचनं पाठ करत होता. आमचा उपदेश कागदाविना करायचा असतो. एकदा मी दुकानात डोकावले.

"काही राहतंय का डोक्यात?"

"सकाळचं दुपारी उडून जातं," तो म्हणाला.

"मग उभा राहून बोलशील काय, कपाळ?"

"माहीत नाही गं."

त्याला खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंड उघडलंही, पण कॉफी मागून मोकळी झाले.

डिसेंबरात म्हाताऱ्या योस्टच्या घरी उपासना होती. पहिला छोटा उपदेश एनोसचा. तो उभा राहिला. खुंटीवरच्या टोप्यांकडे बघत राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. सलोमीनं माझा हात इतका दाबला की नखं रुतली. मग तो म्हणाला, "आपण... प्रार्थना करू या."

अरे देवा! प्रार्थना उपदेश झाल्यावर असते. पण सगळे वळले आणि बाकांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले. ही प्रार्थना मुक्यानं चालते, आणि उपदेशक उठल्याशिवाय कुणी उठायचं नसतं. एनोस उठेचना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझे गुडघे ठणकायला लागले. आधी मी देवाची माफी मागितली, मग एनोससाठी गयावया केली, मग लेवीलाही माफ करून टाकलं. शेवटी मागायला काही उरलं नाही, तरी तिथेच होते.

तो उठला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. "देवाकडे शब्द मागत होतो," तो म्हणाला. "मिळाले नाहीत. पण तो इथं होता." आणि बसला.

उपासनेच्या शेवटी वडीलधाऱ्यांना विचारतात, काही चुकीचं सांगितलं गेलं का. प्रत्येक उपदेशात खोड काढणारा योस्ट कण्हत म्हणाला, "माझे गुडघे गेले. बाकी खोड काढायला त्यानं जागाच ठेवली नाही."

जेवणानंतर एनोस माझा घोडा जुंपत होता. आता मात्र मला राहवेना.

"एनोस, तुझं नाव मी दिलं होतं."

"ठाऊक आहे. दारापासून परत येताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस."

"आणि इतके दिवस गप्प बसलास?"

"मला आधार वाटायचा," तो म्हणाला. "म्हटलं, मला जमेल असं निदान मालिंडाला तरी वाटतंय. त्याच्यावरच तर उभा होतो."

त्याला तसंच समजू द्यावं, असं क्षणभर वाटलं. पण खोटं बोलवेना. "तसं काही नव्हतं रे. मी लेवीवर चिडले होते. तू समोर दिसलास, तोंडातून निघून गेलं."

एनोसचा हात पट्ट्यावर थांबला. तो रागावेल असं वाटलं, पण तो माझ्याकडे बघतच राहिला, माझ्याइतकाच गोंधळलेला.

"म्हणजे तू नव्हतीस?" तो हळूच म्हणाला. "मग इतके दिवस माझ्या पाठीशी कोण होतं गं?"