वाचलं म्हणून सही केली

सीटवर प्लास्टिक होतं. मला तिथेच कळायला हवं होतं!

पण नाही ना कळलं. आणि पुढे जे झालं ते आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? चहा घ्या, बिस्किट बुडवा, आणि हसायचंच असेल तर शेवटी हसा. मधेच कुणी हसलं की मी गडबडते.

तर शुक्रवारी संध्याकाळी मी डीलरकडे उसनी गाडी घ्यायला गेले. आपली गाडी दुरुस्तीला पडली की ती परत मिळेपर्यंत डीलर एक गाडी वापरायला देतो. इथे वेलिंग्टनमध्ये तिला कर्टसी कार म्हणतात. माझी आई म्हणते 'सौजन्याची गाडी'. मी आपली खाली मान घालून, पोचे आलेली, आतून कुत्र्याचा वास मारणारी एखादी गाडी मिळेल म्हणून गेलेले. समोर काय? पांढरीशुभ्र, चकचकीत गाडी, आणि तिच्या बॉनेटवर हा एवढा मोठा लाल रिबिनीचा बो!

"काँग्रॅच्युलेशन्स!" ब्रेट म्हणाला. ब्रेट म्हणजे तिथला सेल्समन. सहा फूट उंच, आणि कायम इतका खूश की आपल्यालाच दडपण येतं.

आता तुम्ही म्हणाल, उसन्या गाडीचं अभिनंदन कोण करतं? अहो, या देशात रांगेत नीट उभं राहिलं तरी 'वेल डन' म्हणतात! ब्रेटने मला गाडीशेजारी उभं करून फोटो काढला. "स्माइल!" मी स्माइल दिलं. त्याने चॉकलेटचा डबा दिला. मी तोही घेतला. मनात म्हटलं, सौजन्य सौजन्य म्हणतात ते हेच.

पण हे असं का झालं, ते जरा मागे जाऊन सांगते.

माझी स्वतःची गाडी म्हणजे ठमी. जुनी जपानी हॅचबॅक. सुरू केली की आतली बाई जपानीत काहीतरी बजावते. चार वर्षांत मला त्यातलं एक अक्षर कळलेलं नाही, पण मी रोज "हो बाई" म्हणते. या देशात आल्यावर मी घेतलेली पहिली वस्तू ती. पलंग नंतर आला! तर आई-बाबा सांगलीहून चार महिन्यांसाठी आले आणि तिसऱ्याच दिवशी हायवेवरच्या नौरंगाच्या चढावर ठमीने कर्रर्र केलं आणि मान टाकली. मी किंचाळले. मी किंचाळले म्हणून आई किंचाळली. बाबा शांतपणे म्हणाले, "गिअरबॉक्स."

गिअरबॉक्सचा भाग जपानहून यायला सहा आठवडे. ब्रेटने दोन पर्याय ठेवले. एक, तोवर उसनी गाडी वापर. दोन, कोरी नवी गाडी तीन वर्षांसाठी लीजवर, म्हणजे महिन्याच्या भाड्याने, घे आणि ठमी त्यांना देऊन टाक.

मला आणि पर्याय? कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले तरी निळ्या झाकणाचं की हिरव्या, यात माझी पाच मिनिटं जातात! अकरा दिवस मी विचार केला. ऑफिसात विचारलं, बसमध्ये विचारलं, दात साफ करून घेताना तोंडात यंत्र असताना डेंटिस्टला विचारलं. शेवटी ठरलं. उसनी गाडी. माझी नोकरी एका वर्षाच्या करारावर, तिच्यावर तीन वर्षांची गाडी कुठे घेऊन बसू? शिवाय ठमीला देऊन टाकायचं? शक्यच नाही.

इतकं स्वच्छ ठरलं होतं हो! पण तेवढ्यात ब्रेटने लीजचे कागद मेलवर पाठवले. 'घाई नाही, नुसते वाचून ठेव.' एवढ्या प्रेमाने पाठवलेत, तर न वाचणं बरं दिसतं का? मी चौदाही पानं वाचली.

"वाचलंस ना? मग सही कर," बाबा म्हणाले. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत.

"बाबा, नुसते वाचायला पाठवलेत."

"म्हणूनच! आमच्याकडे परिपत्रक आलं की वाचायचं आणि खाली सही करून पुढच्या टेबलावर द्यायचं. उद्या कुणी म्हणायला नको, वाचलंच नव्हतं."

आई शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका. ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "बरोबर आहे त्यांचं. सूचनावही वर्गात आली की मी आधी सही करायची. सही नाही केली तर शिपाई दारातून हलायचा नाही."

"अगं, पण इथे..."

"मनू, सही म्हणजे संमती नव्हे. सही म्हणजे पोच!" बाबांनी निकाल दिला.

आणि मी! एम.एस्सी. झालेली, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेणारी मी! चौदा पानांवर चौदा सह्या केल्या. तारखेसकट. बाबांनी मेलही सांगितला. 'मजकूर वाचला. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. पुढील योग्य ती कार्यवाही व्हावी.'

"आणि मला उसनीच गाडी हवीय, हे कुठे लिहू?"

"ते तोंडी सांग. नकार कधी लेखी देऊ नये, माणूस दुखावतो."

ब्रेटचं उत्तर पाच मिनिटांत आलं. 'ऑसम! स्वीट ॲज! शुक्रवारी पाचला गाडी तयार.' स्वीट ॲज म्हणजे इथलं झकास. मला तर भरूनच आलं. न सांगता ओळखलं बिचाऱ्याने!

तर अशी ती गाडी घरी आली. जॉन्सनव्हिलमधल्या आमच्या घरापुढच्या उतारावर मी ती अशी उभी केली की तिच्या दोन्ही बाजूंना एकेक हत्ती जाईल. परक्याची वस्तू! ओरखडा उठला तर? मी नियम जाहीर केले. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, ते त्यांचं आहे, जसंच्या तसं परत द्यायचं. त्यावर आईची जुनी साडी. चपला काढून पिशवीत. आत खायचं नाही, प्यायचं नाही, आणि शक्यतो शिंकायचं नाही.

"श्वास घेतला तर चालेल का?" बाबांनी विचारलं.

"नाकाने घ्या. काचेवर वाफ धरते."

"मनू, ही गाडी नवी वाटते गं," आई प्लास्टिकवर चुरचुर करत म्हणाली. "वास बघ."

"ते सेंट मारतात आई, डीलर लोक."

"किलोमीटर चोवीस दाखवतंय," बाबा मागून म्हणाले.

"बिघडलं असेल! म्हणून तर उसनी देतात."

सांगा, यापुढे देव तरी किती खुणा पाठवणार?

शनिवारी सकाळी मी पोहे करत होते. बाबांना वाचायला काहीही चालतं, शांपूच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा. ते चप्पल काढून गाडीत बसले होते आणि समोरच्या कप्प्यातली फाइल वाचत होते. सव्वाअकराला ते घरात आले. एका हातात फाइल, एका हातात चप्पल.

"मनू," ते म्हणाले, "तुझी सही काय सुरेख आली आहे गं छापून."

"कुठे?"

"चौदाही पानांवर."

कढईत झारा पडला. मी किंचाळले. आतून आई किंचाळली. मी कालपासून न उघडलेला ब्रेटचा मेल उघडला. 'नव्या गाडीचा आनंद घे! उद्या शनिवारी बारा वाजता लीजची नोंद पक्की करतो. काही बदल हवा असेल तर त्याआधी फोन कर, लगेच थांबवतो. मेल बघणं मात्र आता सोमवारी. आणि तुझी जुनी गाडी सोमवारी सकाळी भंगारवाला घेऊन जाईल. चीअर्स!'

भंगारवाला! ठमीला! तीन वर्षं! बारा वाजता! घड्याळात अकरा वीस!

फोन लावला. 'तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. रांगेत आपला नववा क्रमांक.' आणि मग बासरी. अहो, माणूस बुडत असताना बासरी कोण वाजवतं?

"डीलरकडेच जाऊ या," आई म्हणाली.

"त्या गाडीतून? परत करायची गाडी चालवून तिचे किलोमीटर वाढवू?" माझी अक्कल त्या क्षणी एवढीच चालत होती.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "तालीम करू. मी ब्रेट." त्यांनी टीव्हीचा रिमोट कानाला लावला. "हॅलो, ब्रेट बोलतोय. बोला."

"बाबा, ब्रेट 'बोला' नाही म्हणत!"

"बरं. येस, ब्रेट हिअर. काय काम आहे?"

"आय वॉन्ट टु कॅन्सल द लीज."

"अगं, काय हे!" आई कळवळली. "एकदम तोंडावर कॅन्सल? त्याने बो लावला, चॉकलेट दिलं. आधी कसा आहेस, घरचे कसे आहेत, विचार तरी."

"आई, बारा वाजता भंगारवाला..."

"भंगारवाला सोमवारी. माणुसकी आज."

सहावा क्रमांक. बासरी. दुसरी तालीम. "हाय ब्रेट, सो सॉरी, आय सायन्ड ओन्ली बिकॉज आय रेड." बाबा म्हणाले, ब्रेट म्हणून त्यांना हे पटलं नाही. चौथा क्रमांक. तिसरी, चौथी, पाचवी तालीम. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नको. थांबवा. ठमी परत.' आणि तो फ्रिजवर चिकटवला. ऐन वेळी तोंडातून शब्द फुटले नाहीत तर वाचून दाखवायला.

अकरा पन्नास. दुसरा क्रमांक. पोहे करपले. कुणी गॅस बंद केला मला माहीत नाही. माझ्या कानात बासरी. आई देवासमोर बसली. बाबा अजून ब्रेटच होते, रिमोट कानाला लावून फेऱ्या मारत होते.

अकरा त्रेपन्न. 'आपला पहिला क्रमांक.'

"लक्षात ठेव," बाबा कुजबुजले. "पहिलं वाक्य?"

"आय वॉन्ट टु कॅन्सल."

"परत?"

"आय वॉन्ट टु कॅन्सल, आय वॉन्ट टु कॅन्सल, आय वॉन्ट टु कॅन्सल."

अकरा सत्तावन्न. बासरी थांबली. खट्‌ झालं. मी एवढी दचकले की फोन हवेत उडाला आणि बाबांनी तो झेलून पुन्हा माझ्या कानाला लावला.

"किया ओरा! ब्रेट हिअर!" इथला माओरी नमस्कार, आणि तोच तो खूश, दडपण आणणारा आवाज. "अरे वा, तू! कशी आहे नवी गाडी? आवडली ना?"

मी फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं. आईकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. खोल श्वास घेतला, आणि अतिशय स्पष्ट, खणखणीत, निर्दोष इंग्रजीत म्हणाले,

"येस, लव्हिंग इट! थँक यू सो मच!"

आणि फोन ठेवून दिला.