लष्करी लॉरी आणि डोलीचा दांडा

बसऱ्याच्या लढाईहून माझा थोरला भाऊ धडधाकट परत आला, पण डोक्यात मोटार घेऊन आला. सरकारने लढाईतल्या लॉऱ्या लिलावात काढल्या, तेव्हा महाडच्या एका व्यापाऱ्याने एक घेतली आणि दादाला तिच्यावर ड्रायव्हर ठेवलं. भरीव रबराची चाकं, काचेचा पत्ता नाही, बसायला नुसती फळी. गादीवाल्या मोटारी पोलादपुरातच थांबत. ही मात्र आंबेनळीच्या पायथ्याच्या आमच्या वाडीपर्यंत बैलगाडीच्या वाटेने दगडधोंडे तुडवत येई. लोक तिला लोखंडी म्हैस म्हणत. मीही भाळले होते, खोटं कशाला बोलू?

तोवर आमच्याकडचा आजारी माणूस डोलीतून महाडला जाई. जाड बांबूचा दांडा, त्याला बांधलेली झोळी आणि आळीपाळीने खांदा देणारी माणसं. दांडा देवळाच्या आढ्याला टांगलेला असे. लॉरी आल्यावर दादाने तो उतरवला, मधोमध कापला आणि ताडपत्री ताणायला लॉरीवर बसवला.

"आता डोलीचं काय काम हाय?" तो म्हणाला. खांदा द्यायला तरी कोण उरलं होतं? तरणे सगळे मुंबईच्या गिरण्यांत.

श्रावणात आईच्या पोटात एकाएकी दुखू लागलं. ती गडबडा लोळायची. दादा लॉरी घेऊन आला.

"डोलीनंच न्या रे मला," ती कण्हत म्हणाली.

"गो आये, असल्या लॉऱ्या बसऱ्याच्या वाळवंटातनं काढल्यात मी. घाबरू नको."

ओढ्याच्या अलीकडे मागची चाकं चिखलात बसली. दादाने फांद्या घातल्या, दगड घातले, आम्ही ढकललं. चाकं जितकी फिरली तितकी खाली गेली. खरी म्हैस असती तर उठून तरी आली असती. बाबांनी ताडपत्री सोडली, दांड्याचे दोन तुकडे उपसून काढले आणि ते हातात धरून उभे राहिले. मला तेव्हा दादाचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

शेवटी लॉरीचा मागचा फळका उचकटून त्यावर आईला घेतलं. बाबा, दादा, मी आणि एक म्हातारा शेजारी. पावसात फळका हातातून निसटे, घडोघडी खाली ठेवावा लागे. पोलादपूरची घरं दिसू लागली तेव्हा आई गेली होती.

दादा रडला नाही. तेरावं झालं तरी नाही. लॉरी ओढ्यापाशी तशीच रुतलेली होती, आणि बाजाराला जाताना आम्ही तिच्याकडे न बघता पुढे जायचो.

दसऱ्यानंतर चिखल वाळला. दादाने चाकांपुढची माती खणली आणि हँडल मारलं. लॉरी पहिल्याच हँडलला सुरू झाली. तो आत चढला, आणि ती सहज वर आली. मग दादा खाली उतरला, वाटेतच बसला आणि आईला हाका मारत ढसाढसा रडला. इंजिन चालूच होतं.